ठेव कोणाची?



रविवारची उपासना आटोपली की आमच्या मंदिराच्या आवारात दोन घोळके होतात. एक वयस्कांचा, तो झाडाखालच्या बाकांभोवती; दुसरा तरुणांचा, तो फाटकाजवळ, मोटारसायकलींना टेकून. मध्ये अंतर असेल पंधरा-वीस पावलांचे. फाटकाकडे पाहत आम्ही म्हणतो, ‘या मुलांना काही सांगायची सोय राहिली नाही.’ बाकांकडे पाहत ती काय म्हणतात हे मी कधी ऐकलेले नाही. पण तरुणपणी आपणही अशाच एखाद्या फाटकाजवळ उभे होतो, त्यावरून अंदाज करता येईल. तुमची मंडळी नगरची असो, नागपूरची असो, की महाराष्ट्राबाहेर मूठभर मराठी कुटुंबांनी चालवलेली असो, हे दृश्य तुमच्या परिचयाचे असणार.

या विषयावर उपदेश पुष्कळ झाले आहेत. तरुणांना वेळ द्या, त्यांचे ऐकून घ्या, त्यांच्यावर जबाबदारी टाका; यातले काहीच खोटे नाही. परंतु या साऱ्या सूचनांच्या मुळाशी एक प्रश्न आहे आणि त्याला आपण सहसा हात घालत नाही. जे आपण पुढच्या पिढीच्या हाती देऊ पाहतो, ते मुळात आहे कोणाचे?

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:२) पौल त्याला सांगतो की, माझ्यापासून ऐकलेले तू विश्वासू माणसांच्या स्वाधीन कर, म्हणजे ती पुढे दुसऱ्यांना शिकवतील. एवढ्याशा वाक्यात चार पिढ्या आल्या आहेत. तेथे स्वाधीन करण्यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, त्याच्याशी सख्खे नाते असलेले नाम ‘पाराथेके’ तीमथ्याच्या दोन्ही पत्रांत मिळून तीनदा येते. त्याचा अर्थ ठेव. त्या काळी दूरच्या प्रवासाला निघालेला मनुष्य आपला मोलाचा ऐवज विश्वासू मित्राकडे ठेवून जाई. मित्राने तो मोडायचा नाही, स्वतःसाठी वापरायचा नाही, धन्याने मागितला की बिनतक्रार परत करायचा, असा दंडक होता. ठेव बुडवणाऱ्याला आपल्याकडेही चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

या शब्दातून पहिली गोष्ट निघते ती अशी की, आपण धनी नव्हे. सुवार्ता आपल्याला वाडवडिलांकडून, मिशनऱ्यांकडून, गावातल्या एखाद्या निरक्षर म्हातारीकडूनही मिळाली. ती आपल्या मालकीची कधीच झाली नाही. आपण मात्र बोलतो धन्याच्या थाटात. ‘आमच्या वेळची उपासना’, ‘आमची गीते’, ‘आमची शिस्त’ हे शब्द आपल्या तोंडी किती सहज येतात!

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. ठेव जशीच्या तशी परत करायची, तर तरुणांना तिच्यात तिळमात्र फेरफार करू देणे ही अफरातफरच नव्हे का? आपल्यातील पुष्कळांची अढी येथे आहे, आणि ती मला क्षुद्र वाटत नाही. पण माझा व्यवसाय भाषांतराचा. मला रोज उलटा अनुभव येतो. कलस्सैकरांस पत्रात (४:१०) मार्काचे बर्णबाशी असलेले नाते एका साध्या ग्रीक शब्दाने सांगितले आहे. त्या शब्दाने नाते भावंडांचे, पण सख्खे नव्हे, एवढेच कळते. मराठीत ते लिहायला बसावे तर भाषाच विचारते, चुलत, मामे, मावस की आते? मूळ लेखकाने ते सांगितलेले नाही. मग काही तरी मोघम शब्द शोधावा लागतो. शब्द जसाच्या तसा ठेवता येत नाही, आणि मनचाही घालता येत नाही. आशय पोहोचवायचा तर रूप बदलावे लागते. किती, हे ठरवण्यातच आमचे आयुष्य जाते.

तीमथ्याच्याच घरी पाहा. नव्या करारात ‘आजी’ हा शब्द एकदाच येतो आणि तो त्याच्या आजीसाठी, लोईससाठी (२ तीमथ्य १:५). आई युनीके यहूदी, बाप ग्रीक, राहणे लुस्त्रात, आणि लुस्त्राच्या बाजारात बोली लुकवनी. अशा घरात बाळपणापासून शास्त्र ठाऊक झालेल्या या मुलाने ते बहुधा इब्री भाषेत नव्हे, तर ग्रीक भाषांतरात ऐकले असावे. लोईसला आपल्या बापजाद्यांच्या भाषेची हळहळ वाटली असेल काय? पौल त्याबद्दल काही सांगत नाही. तिच्या ठायी जो विश्वास होता तो नातवात उतरला, एवढेच तो सांगतो.

आता मार्काचा प्रसंग घेऊ, कारण आपल्या प्रश्नाची खरी अडचण तेथे आहे. पहिल्या फेरीत हा तरुण पिर्गाहून अर्ध्यावरच यरुशलेमेस परतला. दुसऱ्या फेरीच्या वेळी बर्णबाला तो सोबत हवा होता. पौलाला ज्याने एकदा साथ सोडली तो नको होता. वाद इतका वाढला की दोघे वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये १५:३७-३९). आपण उपदेशात सहसा बर्णबाची बाजू घेतो. पण पौलाचे म्हणणे पोकळ नव्हते. पुढे मार खाणे होते, तुरुंग होता. अर्ध्या वाटेवर पाठ फिरवणाऱ्यामुळे साऱ्या कामाचा घात होऊ शकतो. कामाचा हक्क मोठा की माणसाचा? लूक निकाल देत नाही. बर्णबा मार्काला घेऊन कुप्राकडे तारवातून जातो आणि त्यानंतर प्रेषितांच्या कृत्यांत त्याचे दर्शन पुन्हा होत नाही. याच बर्णबाने पूर्वी तार्सास जाऊन शौलाला शोधून आणले होते. आरंभी लूक ‘बर्णबा व शौल’ असे लिहितो; तेराव्या अध्यायातच नावांचा क्रम उलटतो आणि ‘पौल व बर्णबा’ होतो. यरुशलेमेतील सभेत जुना क्रम पुन्हा डोकावतो, तेथील लोकांना बर्णबाच जुना ओळखीचा म्हणून असेल. ज्याला आपण हात धरून आणले त्याचे नाव आपल्या नावापुढे जाणे बर्णबाने सोसले. मग दुसऱ्या एकाला घेऊन तो कथेबाहेर निघून गेला. आणि बंदिवासातला वृद्ध पौल शेवटी निरोप धाडतो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. पौलाने आपली चूक कबूल केली, असे येथे म्हणता येत नाही. मार्क बदलला असेल, पौल बदलला असेल. दोन्ही घडले असेल.

हे सारे मला ठाऊक होते तेव्हाची गोष्ट सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी आमची मसुदा तपासण्याची बैठक चालू होती. मसुदा मोठ्याने वाचायला ईश्वरविद्येचा एक विद्यार्थी बोलावला होता. योहानाच्या पहिल्या पत्रात ‘प्रायश्चित्त’ या शब्दाशी तो थांबला आणि चाचरत म्हणाला, “सर, प्रायश्चित्त तर ज्याची चूक त्यानेच घ्यायचं असतं ना? माझ्या हिंदू मित्राला हे वाक्य उलटंच वाटेल.” मी म्हणालो, “हा शब्द तुझ्या आजोबांच्या आधीपासून आहे. आधी ग्रीक नीट शीक, मग बोल.” सगळे हसले. तोही हसला, आणि पुढे वाचू लागला. त्या दिवसानंतर तो बैठकीला आला नाही.

त्याचे म्हणणे बिनतोड होते. आपल्या मंडळीत तो शब्द मुरलेला आहे, म्हणून आपल्याला खटकत नाही; बाहेरच्याला तो वेगळेच सांगतो. पुढे त्याच ओळीवर आम्ही पूर्ण दोन दिवस घालवले आणि त्या मुलाच्या प्रश्नाहून नवे काही आमच्यापैकी कोणाला सुचले नाही. शब्द बदलावा की ठेवावा यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो. पण मी त्या दिवशी शब्दाचे रक्षण करीत नव्हतो, स्वतःच्या खुर्चीचे करीत होतो. तीमथ्याच्या तारुण्याला कोणी तुच्छ लेखू नये, असे पौल पहिल्या पत्रात बजावतो. हे पत्र एका माणसाला लिहिलेले. पण प्राचीन हस्तलिखितांत त्याचा शेवटचा आशीर्वाद अनेकवचनी आहे. म्हणजे ते मंडळीत वाचले जाणार, आणि बाकांवरचे वडीलही ऐकणार, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. मी ते वचन वर्गात शिकवले होते.

अलीकडे मी त्याचा पत्ता मिळवून फोन केला आणि क्षमा मागितली. तो बँकेत नोकरीला आहे. “सर, मला तसं काही आठवत नाही,” असे तो नम्रपणे म्हणाला, आणि प्रकृतीची चौकशी केली. त्याने मला मोकळे केले की दार हळूच लावून घेतले, हे मला कळले नाही.

तरुणाला हाताशी धरणे म्हणजे त्याला आपल्या साच्यात ओतणे नव्हे, याचे आपल्याच इतिहासातील एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी बालकवी ठोमऱ्यांना नगरला आपल्या घरी ठेवून घेतले. वयात सुमारे तीस वर्षांचे अंतर. धर्म वेगळा, आणि तो शेवटपर्यंत वेगळाच राहिला. लक्ष्मीबाईंनी त्या मुलाला पोटच्या मुलासारखे वागवले. बालकवींची कविता टिळकांच्या कवितेची नक्कल झाली नाही. बालकवी १९१८ साली रेल्वेच्या अपघातात गेले, टिळक १९१९ साली. जाताना टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळा ठाऊक नव्हती आणि लिहिणे-वाचणे लग्नानंतर आले. टिळकांचे मोठे काम कोणाच्या हातून पुढे जाईल, हे कोणा समितीला आधी सांगता आले असते काय? केडगावला पंडिता रमाबाईंनी तर आपल्या बायबल-भाषांतराचे खिळे जुळवण्याचे कामच मुक्ती सदनातील मुलींच्या हाती दिले. रमाबाई १९२२ साली गेल्या. पूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडले.

याचा अर्थ सगळेच मोकळे सोडावे असा कोणी करू नये. ‘मुलांचे ते ठरवतील’ असे म्हणणाऱ्या आईबापांचा मला खरे तर अधिक राग येतो. एली आपल्या मुलांना बोलला, पण आवरले नाही. त्याच एलीने मात्र रात्री तीनदा उठून आलेल्या लहान शमुवेलाला हिडीसफिडीस केले नाही. ही हाक माझी नव्हे, हे त्याने ओळखले, आणि त्या हाकेला काय उत्तर द्यायचे ते शिकवले. आणि सकाळी त्या मुलाच्या तोंडून स्वतःच्याच घराण्याविरुद्धचा निरोप आग्रहाने काढून घेतला. डोळे मंदावलेल्या त्या म्हाताऱ्याचे ते धैर्य मला अजून साधलेले नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हा लोकांपुढे हा प्रश्न रोज भाषेच्या रूपाने उभा राहतो. आमच्या मंडळीतील बहुतेक मुले मराठी बोलतात, पण वाचू शकत नाहीत. ज्या भाषेसाठी मी तीस वर्षे ऱ्हस्वदीर्घ मोजले, ती माझ्या नातीच्या वयाच्या मुलीला अक्षरओळख नसलेली भाषा आहे. याचे मला दुःख आहे आणि ते लपवावे असे वाटत नाही. फाटकाजवळच्या घोळक्यातील एक मुलगी मागच्या महिन्यात बाकांपर्यंत चालत आली. नाताळच्या गायनात तिला भाग घ्यायचा होता. उपासना संगीतातील एक गीत इंग्रजी अक्षरांत लिहून द्याल का, असे तिने विचारले. माझ्या तोंडाशी जे उत्तर आले ते वीस वर्षांपूर्वीचेच होते. ते मी गिळले.

दोन संध्याकाळी बसून मी ते गीत तिच्या मोबाईलवर रोमन अक्षरांत उतरवून दिले. ‘ळ’ कसा लिहावा यावर आमचा वाद झाला आणि त्यात ती जिंकली. तिसऱ्या कडव्यातील ‘दीनदयाळ’ म्हणजे काय, असे तिने विचारले. मी सांगितले. तिने ते ऐकून घेतले, थोडा विचार केला, आणि म्हणाली, “आजोबा, मग हे मूळ अक्षरांत कसं दिसतं, ते एकदा दाखवा ना.”