वेग, वजन आणि विवेक

नाताळच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही लातूरच्या आमच्या लहानशा चर्चबाहेर आलो, तो धर्मग्रामातील एक कुटुंब अंगणात उभे होते. मुलगा दिल्लीकडे नोकरीस असतो. त्याने नवी गाडी घेतली होती आणि तिला आशीर्वाद हवा होता. जर्मन बनावटीची, दोन टन वजनाची ती काळी गाडी आमच्या अंगणात जेमतेम मावली. आम्ही प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडले, आईने आणलेले संत ख्रिस्तोफरचे पदक आशीर्वादित केले. सारे झाल्यावर मुलगा संकोचून म्हणाला, "फादर, एक विचारायचं होतं. ग्रेटर नोएडाला शर्यतीचा ट्रॅक आहे. पैसे भरले की तिथं आपली गाडी पळवता येते. फेब्रुवारीत मी मित्रांबरोबर जाणार आहे. आई म्हणते, हे पाप आहे. खरंच पाप आहे का?"

आई मध्येच बोलली, "फादर, तुम्हीच सांगा त्याला. देवानं दिलेला जीव असा पणाला लावायचा असतो का?"

आम्ही तेव्हा उत्तर दिले नाही. "विचार करून सांगतो," एवढेच म्हणालो. प्रश्न साधा वाटला, तरी त्या अंगणात उभे राहून त्याचे उत्तर देणे आम्हांस जड गेले. त्याचे कारण पुढे येईलच.

कोणी म्हणेल, हा तर श्रीमंतांचा प्रश्न. आपल्या मराठवाड्यातील माणसांना त्याचे काय? परंतु हाच मराठवाडा २०१० सालच्या ऑक्टोबर महिन्यात देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकला होता, तो औरंगाबादेतील (आजच्या छत्रपती संभाजीनगरातील) उद्योजक व व्यावसायिकांनी एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या म्हणून. त्या खरेदीचा आकडा सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. सामर्थ्यवान यंत्र आता आपल्याही दारात आले आहे. त्याचे काय करावे, हा प्रश्न त्याच्यामागोमाग येणारच.

प्रथम मुलाची बाजू समजून घेऊ. ग्रेटर नोएडाचा बुद्ध आंतरराष्ट्रीय ट्रॅक २०११ साली सुरू झाला आणि त्याच वर्षीच्या ३० ऑक्टोबरला भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत तेथे झाली. एक फेरी पाच किलोमीटरहून थोडी अधिक, वळणे सोळा, एक सरळ पट्टा किलोमीटरहून लांब. त्या वर्षी शर्यतीच्या गाडीचे किमान वजन चालकासह ६४० किलो ठरविलेले होते. आमच्या या मुलाची गाडी तिच्या तिपटीहून जड. रस्त्यासाठी बांधलेली, मऊ आसनांची, गार हवेची गाडी अशा ठिकाणी नेली म्हणजे काय होते?

आमचे भौतिकशास्त्र कॉलेजातलेच, पण हिशेब सोपा आहे. दोन टनांची गाडी ताशी २०० किलोमीटर वेगाने धावत असता ती पूर्ण थांबवायची म्हटली, तर तिच्या गतीतील सारी ऊर्जा ब्रेकांना उष्णतेच्या रूपाने सोसावी लागते. ती उष्णता एवढी असते की, तिच्यावर घागरभर, म्हणजे सुमारे दहा लिटर पाणी उकळीला यावे. वजन दुप्पट झाले तर ही उष्णता दुप्पट होते. वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. ट्रॅकवर प्रत्येक मोठ्या वळणाआधी वेग असा उतरवावा लागतो, फेरीमागून फेरी. जड गाडीचे ब्रेक तापतात, ब्रेकचे तेल उकळू लागते, आणि मग पायाखालचा ब्रेक मऊ पडत जातो. टायर झिजतात. वळणावर गाडीचे नाक आत वळण्याऐवजी सरळ बाहेर जाऊ पाहते. चालकाला अगोदरच वेग सोडून द्यावा लागतो.

असे असूनही जड गाडी ट्रॅकवर अगदीच हरते असे नाही. १९७१ साली बेल्जियममध्ये स्पा येथील चोवीस तासांच्या शर्यतीत मर्सिडीजची एक लांबलचक, चार दारांची, दीड टनाहून जड गाडी उतरली होती. श्रीमंतांनी मागच्या आसनावर बसून फिरावे अशा जातीची ती. इंजिन मोठे करून तिला शर्यतीत आणले होते. हलक्या गाड्यांच्या मेळ्यात ती दुसरी आली. मात्र टायर आणि इंधन ती खादाडासारखी खाई. बळ असले तरी वजनाची किंमत चुकत नाही.

आता आईची बाजू. तिचे म्हणणे भाबडे नाही. मंदिराच्या शिखरावर उभे करून सैतानाने प्रभू येशूला खाली उडी टाकण्यास सांगितले. देवदूत तुला झेलतील, असे आमिष दाखविले. प्रभूने ते नाकारले. देवाने दिलेला जीव देवाचीच परीक्षा पाहण्यासाठी वापरू नये, हा त्या प्रसंगाचा बोध आहे. ख्रिस्तसभेनेही करमणुकीसाठी जीव धोक्यात घालण्याकडे कधी डोळेझाक केली नाही. पोप पाचवे पायस यांनी १५६७ साली बैलांशी झुंजण्याच्या खेळावर बंदी घातली होती. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात, पाचव्या आज्ञेच्या विवेचनात, २२९० व्या परिच्छेदात संयमाचा विचार आला आहे. नशेमुळे किंवा वेगाच्या हव्यासापायी जो स्वतःची व इतरांची सुरक्षितता धोक्यात घालतो, त्याच्या माथी गंभीर दोष येतो, असा त्याचा आशय आहे. आणि ट्रॅक म्हणजे अभयस्थान नव्हेच. २०२३ सालच्या ऑगस्टमध्ये चेन्नईजवळच्या ट्रॅकवर दुचाकींच्या शर्यतीत एक मुलगा मृत्यू पावला. त्याचे वय अवघे तेरा वर्षांचे होते.

मग आईचे म्हणणे तेवढे खरे आणि मुलाचे खोटे, असे म्हणावे काय? येथे आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: धोका कोणाचा आणि तो पत्करला कोणी?

१२ मे १९५७ रोजी इटलीत 'मिल्ले मिल्या' ही शर्यत चालू होती. ती सार्वजनिक रस्त्यांवरून, गावागावांतून धावत असे. एका फेरारी गाडीचा टायर फुटला आणि ती कडेच्या प्रेक्षकांत घुसली. गाडीतील दोघे गेले, पण त्यांच्याबरोबर नऊ प्रेक्षक गेले व त्यांत पाच मुले होती. चालकाने आपल्या जिवाचा सौदा केला होता. त्या मुलांनी कोणताही सौदा केला नव्हता. ती शर्यत त्या स्वरूपात पुन्हा झाली नाही. शर्यतीला बंदिस्त ट्रॅक का हवा, हे त्या दिवशी पुन्हा एकदा फार महागात कळले.

ट्रॅकवर सर्वजण एकाच दिशेने जातात. समोरून कोणी येत नाही, कडेने शाळकरी पोर चालत नाही. गाडी घसरलीच तर तिला थोपवायला मोकळी जागा असते. पिवळे निशाण दिसले की सावध व्हायचे, लाल दिसले की फेरी सोडून परतायचे, निळे दिसले की मागच्या वेगवान गाडीला वाट द्यायची. तेथे आलेला प्रत्येकजण धोका जाणून आलेला असतो. अशा ठिकाणी प्रौढ माणसाने, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखाली, डोक्यावर हेल्मेट घालून, आपल्या गाडीची व आपली मर्यादा अजमावून पाहिली, तर त्यास आम्ही पाप म्हणणार नाही. कुटुंब पोसणाऱ्याने जपून वागावे, एवढे मात्र जरूर म्हणू.

उलट रस्त्याचा विचार करा. लातूरहून अहमदपूर, माळेगाव, लोहा असा नांदेडला जाणारा ३६१ क्रमांकाचा महामार्ग आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. हंगामात त्यावर उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर चाललेले असतात. मागे दिवा असेल तर नशीब. क्लासला निघालेल्या मुली स्कूटीवर असतात. हजूर साहिबच्या दर्शनाला निघालेले यात्रेकरू असतात. एका दुचाकीवर नवरा, बायको आणि दोन लेकरे असतात. यांतील कोणी धोक्याच्या कागदावर सही केलेली नसते. २०२२ साली देशात रस्ते-अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मरण पावली. त्यांत शेकडा ४४ हून अधिक दुचाकीवरची आणि शेकडा १९ हून अधिक पायी चालणारी होती. दोन टनांची गाडी आणि माणसासह दोनशे किलोचीही न भरणारी दुचाकी यांची टक्कर होते, तेव्हा धक्क्याची वाटणी समान होत नाही. जड गाडीचा वेग किंचित उतरतो, दुचाकी मात्र फेकली जाते. आतल्या माणसाचे रक्षण करणारे वजन बाहेरच्याच्या अंगावर जाते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात हेच झाले. पोर्शे बनावटीची, दोन टनांहून जड व अतिशय वेगवान गाडी एका दुचाकीवर आदळली आणि चोवीस-चोवीस वर्षांचे दोन अभियंते, एक तरुण व एक तरुणी, प्राणास मुकले. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांनी सांगितले. त्याला जामीन देताना बाल न्याय मंडळाने घातलेल्या अटींत अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट होती, आणि त्यावरून देशभर संताप उसळला. ती बातमी वाचताना आमच्या मनात वेगळाच विचार आला. तो निबंध त्या मुलाने लिहावयाचा होता, पण त्यातले काही शब्द आम्हां वडीलधाऱ्यांकडे, पालकांकडे आणि धर्मगुरूंकडे, आधीच थकलेले नव्हते काय?

आता त्या अंगणात आम्ही गप्प का राहिलो, ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी त्याच अंगणातून आम्ही एका एकोणीस वर्षांच्या मुलाची शवपेटी कबरस्तानाकडे नेली होती. तो रविवारी गायकवृंदात पेटी वाजवीत असे. नांदेडच्या बाजूने संध्याकाळी मोटरसायकलवर परत येत असता मागून आलेल्या एका जड, भरधाव गाडीने त्याला उडविले. गाडीतील माणसांना खरचटलेही नाही. दफनानंतर घरी परतताना आम्हांस एकदम आठवले की, आजवर आम्ही कितीतरी गाड्यांना आशीर्वाद दिला आणि घाईघाईत म्हटलेल्या आमच्या प्रार्थनेत गाडीत बसणाऱ्यांचे रक्षण कर, एवढेच मागितले. गाडीसमोर येणाऱ्याचे नाव आमच्या ओठांवर कधी आले नाही. या नव्या गाडीवर पाणी शिंपडतानाही आम्ही तीच जुनी प्रार्थना म्हटली होती. त्या मुलाची आई त्या दिवशी मिस्साला आलेली होती आणि फाटकाशी उभी राहून पाहत होती.

याच महामार्गावर माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घेणारा घोड्याची चाल पाहतो, छाती पाहतो. पण लगाम ओढल्यावर तो कसा थांबतो हेही पाहिल्याशिवाय पैसे मोजत नाही. घरी बायकामुले आहेत, गल्लीत पोरे खेळतात, हे त्याला ठाऊक असते. गाडी घेताना आपण असे काही विचारतो काय? आतल्या गार शांततेत ताशी १४० किलोमीटर वेगही साठ-सत्तरसारखा वाटतो. गाडी आपले वजन चालकापासून लपविते. ट्रॅकवर, तापलेल्या ब्रेकांच्या वासात आणि हाताला न जुमानणाऱ्या सुकाणूत, ते लपविलेले वजन उघडे पडते. त्या अर्थी ट्रॅक शाळा होऊ शकतो. पण शाळेतून मूल काय घेऊन घरी येते, यावर सारे अवलंबून आहे. कोणी नम्रता घेऊन येईल, कोणी नुसती चटक.

व्हॅटिकनच्या एका परिषदेने २००७ साली वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. मोटार ही सत्ता गाजविण्याचे साधन होऊ नये, अशा आशयाची त्यांतली एक आहे. ती आज्ञा ट्रॅकवर मोडली जाण्याची भीती आम्हांस कमी वाटते. ट्रॅकच्या फाटकाबाहेर पडल्यावरच्या पहिल्या तासात ती अधिक वाटते.

पुढल्या आठवड्यात तो मुलगा दिल्लीस परतण्यापूर्वी भेटायला आला, तेव्हा आम्ही त्याला म्हणालो, "जा. पण एकटा निर्णय घेऊ नकोस, आईला सारे समजावून सांगून जा. ब्रेक, तेल, टायर तपासून घे. धाकट्या भावाच्या हाती किल्ली देऊ नकोस." त्याचे वडीलही सोबत होते. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, अशी तरतूद २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झाली आहे. ती आम्ही त्यांच्या कानावर घातली. कायद्याआधी पित्याचे कर्तव्य येते, हे त्यांना सांगावे लागले नाही.

मग त्या मुलाने आम्हांस एक गोष्ट शिकविली. ट्रॅकवर शेवटची फेरी मुद्दाम सावकाश मारायची असते, ब्रेक शक्यतो न लावता, म्हणजे वाऱ्याने ते हळूहळू निवतात. तसेच थांबले तर तापलेला ब्रेक बिघडतो. आम्ही म्हणालो, "बाळा, अशीच एक फेरी आपल्यासाठीही ठेव. फाटकाबाहेर पडण्याआधी अर्धा तास गाडी उभी कर, पाणी पी, आणि पेटी वाजवणारा आपला मुलगा आठव." त्याने मान खाली घातली. दोघे एकाच वर्गात धर्मशिक्षण शिकले होते.

जाण्यापूर्वी त्याने गाडीला पुन्हा आशीर्वाद मागितला. या वेळी आम्ही दोन प्रार्थना म्हटल्या. दुसरी प्रार्थना या गाडीसमोर रस्त्यात जो कोणी येईल, त्याच्यासाठी होती. तेव्हापासून कोणतेही वाहन आले तरी आम्ही दोन्ही म्हणतो.