पहिली गोळी कोणाची?

सरकार आणि बंडखोर यांच्यातील रक्तपाताची बातमी वाचली की आपण विचारतो, पहिली गोळी कोणी झाडली? मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर देशात या प्रश्नाने फारसे कळत नाही. कॉफीची जमीन मोजक्या घराण्यांकडे होती. १९३२ मध्ये शेतमजूर उठले, लष्कराने हजारोंना मारले. १९७२ ची निवडणूकही लुबाडली गेली. सारी दारे बंद झाल्यावर काहींनी बंदुका उचलल्या. सैनिकांनी आपल्याच बांधवांना मारू नये, असे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांनी प्रवचनात सांगितले. दुसऱ्याच दिवशी, २४ मार्च १९८० रोजी, मिस्सा अर्पण करताना त्यांना गोळी घातली गेली. पुढच्या युद्धात सुमारे ७५ हजार माणसे गेली. बंडखोरांनीही गावोगावचे महापौर मारले, तेही आपण विसरू नये. १९९२ च्या करारानंतर त्यांचा पक्ष झाला आणि २००९ मध्ये त्याच पक्षाचा उमेदवार मतपेटीतून राष्ट्राध्यक्ष झाला.