भीतीचा ठावठिकाणा

एकाएकी कसलीशी साथ पसरते. मेलेली माणसे उठून जिवंतांना चावू लागतात आणि ज्याला चावा बसतो तो थोड्या वेळात त्यांच्यातलाच एक होतो. मोठी माणसे गोंधळतात, यंत्रणा कोलमडते आणि चार-पाच किशोरवयीन मुले हाताला लागेल ते घेऊन या झुंडीला तोंड देतात. विनोदी झॉम्बीपटाचा हा ठरलेला साचा आहे. ‘अ‍ॅना अँड द अपोकॅलिप्स’ (2017) या स्कॉटलंडमध्ये घडणाऱ्या संगीतपटात शाळकरी मुले नाताळच्या सुमारास अशा साथीत सापडतात. ‘ऑल ऑफ अस आर डेड’ (2022) ही कोरियन मालिका विनोदी नाही, पण तिथेही साथ शाळेतूनच सुरू होते. छळ सोसणाऱ्या आपल्या मुलासाठी विज्ञानाच्या शिक्षकाने तयार केलेला विषाणू तिचे मूळ असतो. हा प्रकार मराठी प्रेक्षकापर्यंत पोहोचला आहे आणि मराठीत त्याची निर्मितीही झाली आहे. तो इथल्या मातीत कितपत रुजतो, हे तपासायला मालवणच्या किनाऱ्याइतकी योग्य जागा नाही, कारण भुताचे भय आणि हसू यांना एकत्र नांदवण्याची रीत तिथे सिनेमाच्या कितीतरी आधीपासून आहे.

झॉम्बीचा जन्म हैतीतला. फ्रेंच वसाहतीच्या काळात तिथल्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत. मेल्यानंतरही सुटका नाही, कोणी मांत्रिक प्रेत उठवून त्याला पुन्हा कामाला जुंपील, ही त्या समाजाची भीती होती. त्या मूळ कल्पनेत झॉम्बी माणसे खात नाही, तो मुकाट राबतो. ‘व्हाइट झॉम्बी’ने (1932) त्याला पडद्यावर आणले. पुढे जॉर्ज रोमेरो यांच्या ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’मध्ये (1968) मांत्रिक गेला, मालक गेला आणि माणसे खाणारी बिनचेहऱ्याची झुंड उरली. या चित्रपटात ‘झॉम्बी’ हा शब्द उच्चारला जात नाही, तरी आजचा झॉम्बी त्यातूनच घडला. ‘शॉन ऑफ द डेड’ने (2004) त्यातला विनोद शोधला. रोजच्या रस्त्यावरची माणसे आधीच इतकी यांत्रिक झालेली असतात की ती मेली आहेत हे नायकाच्या बराच वेळ लक्षात येत नाही.

या साच्यात किशोरवयीन मुले वारंवार येतात, त्याला कारण आहे. या वयात शरीर स्वतःच्याच नकळत बदलत असते आणि झॉम्बीपटातही शरीर हाताबाहेर जाते. कालचा मित्र आज ओळख देत नाही, हा त्या वयाचा नेहमीचा अनुभव पडद्यावर शब्दशः खरा होतो. शिवाय मोठ्यांनी दिलेले जग मोडके आहे, हे पहिल्यांदा याच वयात कळते. तेव्हाचे हसू हे धीर एकवटण्याचे साधन असते. अंधारातून घरी परतणारी मुले मोठ्याने बोलतात आणि एकमेकांची थट्टा करतात, तेही याचसाठी.

मालवणी मुलखातले भूत मात्र या झॉम्बीपेक्षा अगदी वेगळे आहे. त्याला नाव, जात, जागा आणि गाऱ्हाणे असते. मुंज झाल्यावर पण सोडमुंजीआधी मेलेला मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. पाण्यात बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो, चकवा वाट चुकवतो, देवचार गावाच्या हद्दीवर फिरतो आणि बहुतेकदा राखणही करतो. वेताळ हा तर भुतांचा राजा, पण वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीत तो वेतोबा या नावाने ग्रामदैवत झाला आहे. रात्री गावाभोवती फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त त्याला भल्या मोठ्या चामडी वहाणा आणि केळ्यांचे घड अर्पण करतात. भुतांच्या राजाच्या वहाणांची काळजी घेणारा समाज त्याला भितो आणि त्याच्यावर मायाही करतो.

या भूतसृष्टीची लेखी नोंद विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच झाली. इंग्रज अधिकारी ए. एम. टी. जॅक्सन यांनी प्रश्नावली पाठवून गावोगावच्या शाळामास्तरांकडून लोकसमजुती गोळा करवल्या. 1909 साली नाशिकला अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनचा वध केल्यानंतर ही सामग्री आर. ई. एन्थोवेन यांनी संपादित केली आणि तिचा कोकणावरचा खंड 1915 साली निघाला. मालवण ज्यात येते तो सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा रत्नागिरी जिल्ह्याचा भाग होता. तो 1 मे 1981 रोजी वेगळा झाला. या नोंदींत कोणते भूत कुठे राहते, कशाने मेलेले असते आणि काय दिले की शांत होते, याची माहिती वर्गवार मिळते. भीतीचा ठावठिकाणा लागला की तिच्याशी वागण्याची रीत ठरते.

गाऱ्हाणे ही त्यातली मुख्य रीत. देवळात किंवा चव्हाट्यावर एक जाणता माणूस ‘बा देवा म्हाराजा’ अशी साद घालून गावाची अडचण मांडतो आणि जमलेले सगळे दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणून दुजोरा देतात. अदृश्य शक्तीला इथे बोलण्याने वळवायचे असते आणि बोलणारा एकटा नसतो. झॉम्बीला ऐकू येते, पण समजत नाही. त्याच्यापुढे गाऱ्हाणे घालता येत नाही. दोन्ही भयकल्पनांतला सगळ्यात खोल फरक हा आहे.

झॉम्बीपटाच्या सर्वात ओळखीच्या चित्राला, म्हणजे ओस पडलेल्या गावाला, मालवण तालुक्यात एक विलक्षण जोड आहे. आचरे गावात काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल मिळाला की सारे गाव घरे बंद करून वेशीबाहेर पडते. गुरे, कुत्री, कोंबड्याही सोबत नेल्या जातात. जात-धर्म न पाहता सगळे निघतात. तीन दिवस-तीन रात्री गाव रिकामे राहते, मग पुन्हा कौल घेतला जातो आणि देवाची संमती मिळाल्यावर माणसे परततात. चिंदर, वायंगणी यांसारख्या शेजारच्या गावांतही ही प्रथा आहे. गावपळणीमागची कारणे वेगवेगळी सांगितली जातात. त्या दिवसांत गाव भुताखेतांचे असते ही एक समजूत, तर घरे आणि माती माणसांच्या वावरापासून काही दिवस मोकळी राहावी हा आजचा अर्थ.

वेशीबाहेरच्या त्या तीन दिवसांचे स्वरूप महत्त्वाचे आहे. माळावर झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात, चुली पेटतात, भजने आणि फुगड्या होतात, मुले दिवसभर हुंदडतात. एरवी भिंतींनी वेगळी केलेली घरे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर येतात. मूळ कल्पना भयाची, पण अनुभव सहलीचा. झॉम्बीपटात गाव सोडणे म्हणजे समाज मोडणे. प्रत्येकजण आपला जीव घेऊन पळतो आणि दार लावून घेतो. गावपळणीत गाव सोडल्यानेच समाज एकत्र येतो. पळण्याला मुदत असते आणि परतण्याची वाट ठरलेली असते, म्हणून तिथे हसणे शक्य होते.

भीतीतून हसू काढण्याची दुसरी मोठी परंपरा दशावताराची. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रांचा हंगाम सुरू झाला की दशावतारी मंडळे आपला पेटारा घेऊन गावोगाव फिरतात आणि देवळासमोर रात्रभर नाटक करतात. संवाद लिहिलेले नसतात, कथानक ठरवून नट ते रंगमंचावरच रचतात. सुरुवातीच्या आडदशावतारात गणपती, सरस्वती यांच्यामागून संकासुर येतो. हा वेद चोरणारा राक्षस. काळा पोशाख, तोंडावर काळा बुरखा आणि बाहेर लोंबणारी जीभ अशा रूपात तो मध्यरात्री समोर आला की पुढच्या रांगेतली लहान मुले आईला बिलगतात. पण तोंड उघडताच तो मालवणीत बोलतो, भटजीची फिरकी घेतो, गावातल्या चालू घडामोडींवर टोमणे मारतो आणि तीच मुले हसू लागतात. शेवटी विष्णू त्याचा वध करतो. राक्षस आपल्या बोलीत बोलला की त्याचे भय निम्मे उतरते, हे दशावताराने फार पूर्वी ओळखले. पुढे ‘रात्रीस खेळ चाले’ या 2016 साली सुरू झालेल्या, आकेरी गावात चित्रित झालेल्या मालिकेनेही तेच केले. वाड्यातल्या गूढ भीतीच्या मध्यभागी सगळे विसरणारा, मालवणी बोलणारा पांडू उभा राहिला आणि प्रेक्षकांना तोच सर्वाधिक आठवतो.

मराठी पडद्यावर भुताला विनोदाची सोबत जुनीच आहे. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ (1993) आणि ‘पछाडलेला’ (2004) या चित्रपटांतली भुते नावागावाची, हेतू असलेली आणि बोलकी आहेत. झॉम्बी आला तो वेगळ्या वाटेने. 2013 च्या ‘गो गोवा गॉन’ या हिंदी चित्रपटाने सिंधुदुर्गाच्या शेजारच्याच किनाऱ्यावर झॉम्बी आणले. गोव्याजवळच्या बेटावरच्या पार्टीत अमली गोळीने माणसे झॉम्बी होतात आणि मुंबईहून आलेले तरुण मित्र त्यात अडकतात. चित्रपट गमतीदार आहे, पण त्यातला गोवा पाहुण्यांचा आहे. गावातली माणसे, त्यांची भाषा, त्यांची भुते त्यात जवळजवळ नाहीत. त्यामुळे ती साथ दुसऱ्या कुठल्याही बेटावर तशीच घडू शकली असती.

26 जानेवारी 2022 रोजी प्रदर्शित झालेला आदित्य सरपोतदार दिग्दर्शित ‘झोंबिवली’ इथे पुढे जातो. शीर्षकातच नवा शब्द जुन्या गावाला जोडलेला आहे. शिवाय झोंबणे, झोंबी घेणे हे अंगाला भिडण्याचे शब्द मराठीत आधीपासून असल्याने परकी कल्पना कानाला ओळखीची वाटते. त्यातली साथ डोंबिवलीत पसरते आणि तिचे धागे बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याशी जुळलेले आहेत. एका बाजूला नवे टॉवर, दुसऱ्या बाजूला पाण्यासाठी झगडणारी जनता नगर ही वस्ती. टॉवरमध्ये नव्याने राहायला आलेला इंजिनिअर सुधीर (अमेय वाघ), त्याची गरोदर पत्नी (वैदेही परशुरामी) आणि वस्तीतला तरुण नेता विश्वास (ललित प्रभाकर) यांना एकत्र लढावे लागते. हे नायक किशोरवयीन नाहीत, पण साच्याचा गाभा तोच आहे. थोरामोठ्यांच्या हव्यासाची किंमत तरुण माणसे मोजतात. या चित्रपटाचे बळ असे की त्याने बिनचेहऱ्याच्या झुंडीला कारण दिले आणि ते कारण पाण्याचे आहे. औद्योगिक वसाहतीचे प्रदूषण आणि पाण्याची विषम वाटणी रोज सोसणाऱ्या शहराला ही भीती उसनी वाटत नाही. झॉम्बीपुढे गाऱ्हाणे घालता येत नाही, म्हणून ‘झोंबिवली’ झॉम्बीलाच गाऱ्हाणे बनवतो.

दोन वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने उलट दिशेने प्रवास केला. 7 जून 2024 रोजी आलेल्या ‘मुंज्या’ या हिंदी चित्रपटात झुंड नाही, एकच भूत आहे आणि ते कोकणातल्या एका मुलाचे आहे. 1952 साली वयाने मोठ्या मुन्नीवर जीव जडलेल्या गोट्याची मुंज होते, तिला मिळवण्यासाठी केलेल्या अघोरी विधीत तो मरतो आणि ‘मला लग्न करायचे आहे’ हा हट्ट घेऊन पिढ्यान्‌पिढ्या पिंपळाला चिकटून राहतो. पुण्यात वाढलेला भित्रा बिट्टू त्याच्या तावडीत सापडतो. किशोरवय आणि भूत यांची सांगड घालायला लोककथेतला मुंजा तयारच होता. त्याला जगण्याच्या उंबरठ्यावरून परत फिरवलेले असते. बालपण संपले, संसार सुरू झाला नाही, अशा जागी तो कायमचा अडकतो. म्हणून तो भयंकरही वाटतो आणि हट्टी पोरासारखा हास्यास्पदही. भारतात शंभर कोटींहून अधिक कमाई करून या चित्रपटाने दाखवले की नावागावाचे भूत दूरच्या प्रेक्षकालाही कळते.

अशा कथांनी अंधश्रद्धेला बळ मिळते, हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. महाराष्ट्राने 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तो भूतबाधेच्या नावाखाली माणसांचा छळ आणि लूट होते म्हणून. हा छळ घडवणारी भीती गंभीर चेहऱ्याने आणि एकांतात पोसली जाते. संकासुराला हसलेला मुलगा बुरख्यामागचा नट ओळखायला शिकतो. विनोदी भयपट प्रामाणिक असेल, तर तो मांत्रिकाचा धंदा वाढवत नाही, भीती कुठून येते ते विचारायला शिकवतो. मांत्रिकालाच तारणहार ठरवणारा विनोदी भयपट मात्र या आक्षेपाला पात्र ठरतो.

भीती कुठून येते, हा प्रश्न सिंधुदुर्गाच्या बाबतीत आणखी जवळचा आहे. 2001 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 8,68,825 होती, ती 2011 मध्ये 8,49,651 झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना इथली घटली. दहावी-बारावी झालेली मुले मुंबई, पुणे, गोव्याची वाट धरतात, डोंबिवलीसारख्या उपनगरांत स्थिरावतात आणि चतुर्थीला चाकरमानी म्हणून परततात. एरवी अनेक वाड्यांत कुलूप लावलेली घरे आणि म्हातारी माणसे उरतात. ही मुदत नसलेली गावपळण आहे. इथल्या किशोरवयीनांना घेऊन झॉम्बीपट करायचा असेल, तर त्याचे खरे भय चावणाऱ्या झुंडीत सापडणार नाही. गाव ओस पडत असताना आपणही निघणारच आहोत, हे पंधराव्या वर्षी ठाऊक असण्यात ते आहे.

‘गो गोवा गॉन’, ‘झोंबिवली’ आणि ‘मुंज्या’ यांचा क्रम पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट होते. भय जितके एखाद्या जागेचे, तिथल्या पाण्याचे, झाडाचे, बोलीचे झाले, तितके हसूही खोल उतरले. ठावठिकाणा नसलेल्या भीतीवर केलेला विनोद क्षणभर टिकतो, कारण ती भीती आपली नसते. आचऱ्याची माणसे तीन रात्री माळावर काढून परत येतात, घरांची दारे उघडतात आणि पहिली चूल पेटवतात. परतण्याची ती वाट ज्या कथेला सापडेल, तिच्यातला झॉम्बी मालवणच्या किनाऱ्यावर उपरा राहणार नाही.