एका आडनावाचा गुणसूत्री पत्ता

नॉटिंगहॅमच्या जवळ, ट्रेंट नदीच्या काठी अ‍ॅटनबरो नावाचं एक खेडं आहे. तिथून उठून दुसरीकडे गेलेला माणूस गावाच्या नावानं ओळखला जाऊ लागला, आणि पुढं तेच आडनाव झालं. आपण गावाला 'कर' लावतो. इंग्रजांनी तेवढीही तसदी घेतली नाही. खडी उपसून झालेल्या खाणींची इथं तळी झाली, त्यांभोवती पक्ष्यांसाठी राखीव क्षेत्र झालं, आणि १९६६ साली त्याचं उद्घाटन करायला आले डेव्हिड अ‍ॅटनबरो. 'गांधी' चित्रपट काढणारे रिचर्ड हे त्यांचे थोरले बंधू.

स्मिथ म्हणजे लोहार. लोहार गावोगावी होते, त्यामुळे दोन स्मिथ एका रक्ताचे असण्याची शक्यता कोणत्याही दोन परक्यांइतकीच. दुर्मीळ आडनावाचं तसं नसतं. लेस्टर विद्यापीठातील टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांच्या १६७८ पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासली. त्यांचा निबंध २००९ साली आला. बापाकडून मुलाकडे जाणारं हे गुणसूत्र आडनावाच्याच वाटेनं चालतं. तपासलेल्या अ‍ॅटनबरोंपैकी ८७ टक्के एकाच मूळपुरुषाकडे जात होते. आपल्या कुलवृत्तांतवाल्यांना हेवा वाटावा असा हा आकडा!

पण याच विद्यापीठातून २००७ साली आलेला दुसरा निबंध मला जास्त मोलाचा वाटतो. त्यातलं आडनाव यॉर्कशरमधलं, फारच थोड्या घरांत उरलेलं. निबंधात ते छापलेलं नाही, नुसतं 'आर' म्हटलं आहे, आणि हा संकोच मला आवडला. स्वतःला अस्सल ब्रिटिश मानणाऱ्या एका गृहस्थाचं गुणसूत्र निघालं ए-१ गटाचं, जो तोवर पश्चिम आफ्रिकेतल्या मोजक्या माणसांतच सापडला होता. मग त्याच आडनावाचे १८ पुरुष तपासले. सात जणांकडे तेच. कागदपत्रं धुंडाळून त्यांच्या दोन वंशावळी उभ्या राहिल्या आणि दोन्ही अठराव्या शतकाच्या अखेरच्या यॉर्कशरपाशी थांबल्या.

हा आफ्रिकी पूर्वज आला कधी? गुलामांच्या व्यापारात आला असेल, किंवा त्याच्याही कितीतरी आधी. तिसऱ्या शतकात उत्तर इंग्लंडमधल्या रोमन हेड्रियनच्या भिंतीवर उत्तर आफ्रिकेतल्या मूर सैनिकांची तुकडी होती, आणि आफ्रिकेत जन्मलेला रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस २११ साली यॉर्कमध्येच वारला.

आणि उरलेले अकरा? आडनाव तेच, गुणसूत्र वेगळं. दत्तक, आईचं आडनाव लावणं, लपवलेलं पितृत्व, किंवा मुळातच वेगळा मूळपुरुष; कारण काहीही असू शकतं. त्यांना 'खोटे' ठरवण्याचा मोह वंशशुद्धीची हौस असलेल्यांनाच व्हावा. वाय गुणसूत्र काय किंवा आडनाव काय, दोन्ही फक्त बापाची एकच ओळ धरून ठेवतात. आज्या-पणज्या त्यातून केव्हाच गळालेल्या असतात. दहा पिढ्या मागं गेलं की त्या पायरीवर १०२४ पूर्वजांच्या जागा भरतात, आणि आपण लावतो ते आडनाव त्यांतल्या फार तर एका पुरुषाच्या ओळीचं असतं.