त्यांच्याकडे काहीतरी मागा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जिथे १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी पडली, तिथल्या कितीतरी मराठी घरांत आता म्हातारी माणसंच उरली आहेत. मुलं इंदूर, पुणे, बंगळूरला. पैसे वेळेवर येतात, औषधं घरपोच मिळतात, रात्री व्हिडिओ कॉल होतो. ‘जेवलीस का? गोळी घेतलीस?’ एवढ्यात विचारपूस संपते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात एकाकीपणाचा संबंध वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी जोडला आहे. एकाकी माणसाची झोप मोडते, मनावरचा ताण उतरत नाही. हृदयविकार, पक्षाघात, स्मृतिभ्रंश यांचा धोका वाढतो. शिवाय एकट्यासाठी कुकर कशाला लावायचा म्हणून चहा-पोळीवर रात्र निघते, ते कुठल्याच तपासणीत दिसत नाही.

आपण त्यांची काळजी घेतो. पण आपली गरज आता कुणालाच नाही, हे त्यांना रोज जाणवतं. मला हे जास्त घातक वाटतं.

याच ग्वाल्हेर शहरात गायक कृष्णराव शंकर पंडित १९८९ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी गेले. गाण्यामुळे ते इतके जगले, असं म्हणणं चूक ठरेल. पण १९१४ साली शंकर गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या या गुरूच्या दारी शिष्य यायचा तो प्रकृतीची चौकशी करायला नव्हे, विद्या मागायला. म्हातारपणाला याहून मोठा मान कोणता?

सगळ्याच आजी गायिका नसतात. पण नातवंडं हिंदी-इंग्रजीत वाढतात आणि मराठी बोलायला कुणी नाही म्हणून आजी दिवसभर गप्प बसते, हे एकाच कुटुंबात घडावं याचं मला फार वाईट वाटतं. रात्रीच्या त्याच व्हिडिओ कॉलवर नातीला मराठी वाचायला बसवा, चुका आजीला काढू द्या. पुरणाचं प्रमाण विचारा आणि तसं करून दाखवा. त्यांना ऐकू कमी येत असेल तर आधी कान तपासून घ्या. ऐकू येईनासं झालं की माणूस बोलणंच सोडतो.

ज्यांना फोन करणारंच कुणी नाही, त्यांच्यासाठी १४५६७ ही ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. शेजारच्या आजोबांना हा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून द्या, आणि लगेच उठू नका.