‘अर्ध’ कुठे गेलं?

उभा राहा. मागे काय बघतोस, तुझ्याशीच बोलतोय. ही वही तुझी ना? आणि ही मागच्या बाकावरच्या तुझ्या जिवलगाची. दोन्हींत ‘ड्रॅगुनोव’चं ‘ड्रागनोव्ह’. चूकही जुळी! कर्जत स्टेशनात पुण्याच्या गाडीला घाट चढण्यासाठी मागून इंजिनं लावतात, तसा तुझा निबंध मागच्या बाकाच्या जोरावर निघाला. गाडी निदान लोणावळ्याला पोचते. तू पळसदरीलाच रुळावरून घसरलास.

पहिलं वाक्य वाच. मोठ्याने. ‘ड्रागनोव्ह ही स्वयंचलित स्नायपर रायफल असून तीन किलोमीटरवरचा शत्रू टिपते.’ वा! एका ओळीत दोन घोडचुका. अरे, ती अर्धस्वयंचलित आहे. ‘अर्ध’ कुठे गेलं? गाळलंस, कारण मोबाइलवरच्या खेळात तुला अंगठा दाबून धरायची सवय.

नीट ऐक. गोळी सुटली की नळीतला थोडा वायू एका भोकातून बाहेर येतो आणि दट्ट्याला मागे ढकलतो. बोल्ट उघडतो, रिकामी पुंगळी उडते, स्प्रिंग बोल्टला पुढे रेटते आणि नवं काडतूस नळीत बसतं. इथपर्यंत यंत्राचं काम. पुढची गोळी मात्र चाप सोडून पुन्हा ओढल्याशिवाय सुटत नाही. दहा काडतुसांचं मॅगझिन, तर दहा वेळा बोट ओढायचं आणि दहा वेळा ठरवायचं. उरलेलं अर्धं म्हणजे माणूस. नेमका तोच तू खोडलास.

आणि ही रायफल आभाळातून पडली नाही. रशियनांनी दुसऱ्या महायुद्धात तोकारेवची अर्धस्वयंचलित एसव्हीटी-40 दुर्बीण लावून वापरून पाहिली. नेम हवा तसा बसेना, म्हणून जुन्या हातबोल्टच्या, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने ओढायच्या, मोसिन रायफलीकडे परतले. मग 1958 मध्ये नव्या रायफलीसाठी स्पर्धा लावली. एका हत्याराकडून दोन परस्परविरोधी गुण हवे होते: नेम हातबोल्टसारखा आणि दुसरी गोळी झटपट. इझेव्हस्कचा येवगेनी ड्रॅगुनोव नेमबाजीच्या स्पर्धांसाठी रायफली बनवणारा माणूस. त्याने ही तडजोड साधली. 1963 मध्ये ती सैन्यात आली. पाच वर्षं लागली, बाळ. तू निबंध मधल्या सुट्टीत उरकलास.

आता तुझे तीन किलोमीटर. तिचा भरवशाचा पल्ला सुमारे 800 मीटर. गोळी सेकंदाला 830 मीटर वेगाने सुटते आणि पुढे हवा तिला अडवत राहते. कर भागाकार. हवा नसती तरी जवळजवळ एक सेकंद, हवेमुळे 800 मीटर गाठायला सेकंदाहून जास्त वेळ! तेवढ्यात समोरचा माणूस एक-दोन पावलं चाललेला असतो, वारा गोळीला बाजूला ढकलतो, गुरुत्वाकर्षण खाली ओढतं. भौतिकशास्त्राच्या तासाला खिडकीतून माथेरानचा डोंगर बघत बसल्यावर हे कळणार कसं?

तिच्यावरच्या दुर्बिणीत चौपट मोठं दिसतं, एवढं लिहिलंस. खालच्या कोपऱ्यातल्या रेषा सोडल्यास. तिथे एक आडवी रेघ असते आणि तिच्यावर उतरता कमानीसारखा बाक. माणसाचे पाय रेघेवर ठेवायचे, डोकं बाकाला कुठे टेकतं तो आकडा वाचायचा. 4 म्हणजे 400 मीटर. पण हा हिशेब 1.7 मीटर उंचीच्या, ताठ उभ्या माणसाचा. तो वाकलेला असला, गवतात असला, तर आकडा खोटं बोलतो. मग डोकं वापरावं लागतं. ते मॅगझिनमध्ये भरून मिळत नाही.

‘स्नायपर एकटाच युद्ध जिंकतो’ हे तुझं पुढचं रत्न. सोव्हिएत पायदळात ही रायफल प्लाटूनबरोबरच चालायची. बाकीच्यांच्या रायफली जिथे थकतात तिथून पुढचा अधिकारी, मशीनगनवाला टिपणं हे तिचं काम. आपल्या सैन्यानेही ती वर्षानुवर्षं वापरली. पुढे जास्त पल्ला हवा झाला तेव्हा 2019 मध्ये बेरेटा आणि बॅरेट, 2022 मध्ये फिनलंडची साको रायफल नियंत्रण रेषेवर गेली. तिन्ही हातबोल्टच्या! नवं म्हणजे आपोआप चालणारं, हे तुझं गणित तिथेही चुकलं.

गेल्या वर्षी तुम्हाला खालापूर तालुक्यात उंबरखिंडीत नेलं होतं. तू स्मारकासमोर बंदूक रोखल्यासारखा हात करून फोटो काढलास. 2 फेब्रुवारी 1661 ला मुघल सरदार कारतलबखानाची फौज घाट उतरून त्या अरुंद वाटेत पूर्ण शिरेपर्यंत झाडीतले मावळे गप्प बसून होते. आणि कोंडीत सापडलेला खान शरण आला, तेव्हा खंडणी घेऊन शिवाजी महाराजांनी त्याला जाऊ दिलं. कधी थांबायचं आणि कधी हात आवरायचा, हेही माणसानेच ठरवायचं असतं. सैन्यात जायचंय म्हणतोस, पहाटे रस्त्यावर धावतोस, त्याचं कौतुक आहे. पण तिथे पाय भरती होतात तसं डोकंही भरती करतात.

हा निबंध घे परत. रविवारी उल्हास नदीच्या पुलावर जा. दूरचं एक झाड निवड, अंतर आधी डोळ्यांनी ठरव, मग पावलांनी मोज. दोन्ही आकडे नव्या निबंधाच्या पहिल्या ओळीत लिही. चुकलेले असले तरी चालतील. पण तुझे आणि मागच्या बाकाचे आकडे जुळले, तर सोमवारी तुम्ही दोघं चालाल आणि मी मोजेन. बस खाली.