दहावीच्या आधीच ‘दहावीनंतर’

निकाल लागला, पेढे वाटून झाले की शेजारपाजारचे विचारतातच, “मग, पुढे काय?” पंधरा वर्षांच्या मुलाकडे याचं उत्तर असावं, ही अपेक्षा मात्र महाराष्ट्रात फार जुनी नाही.

मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्याच तुकडीतले. १८६२ मध्ये दोघेही बी. ए. झाले. असा रस्ता धरणारे अगदी थोडे. बाकीच्यांचं पुढचं आयुष्य जात, जमीन आणि वडिलांचा धंदा ठरवून मोकळे होत. मुलींच्या बाबतीत लग्नाची बोलणी. सातवीला व्हर्नाक्युलर फायनल झालेला मुलगा प्राथमिक शाळेत मास्तर होई आणि घराचं भागे. आखायला बेत होताच कुठे?

तो हक्काने आखता येईल अशी सोय करायला माणूस लागला. १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका वसतिगृहात, एका पंगतीत बसवलं आणि ‘कमवा आणि शिका’ म्हणत शेतात, बांधकामावर राबून शिकायची वाट दाखवली. ज्या घरात कुणी पाटी धरली नव्हती, त्या घरातल्या पोरालाही ‘पुढे’ नावाची गोष्ट असते, हे इथून रुजलं. करिअर मार्गदर्शनाची चकचकीत शिबिरं फार नंतरची.

स्वातंत्र्यानंतर पर्याय वाढले, पण बेत तसा साधाच राहिला. १९५० पासून आयटीआयचं प्रशिक्षण सुरू झालं. एसएससी झालेली मुलं टायपिंग-शॉर्टहँडच्या क्लासला जात, एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव नोंदवत आणि कॉलची वाट बघत. मग कोठारी आयोगाने सुचवलेला १०+२+३ चा आकृतिबंध आला. अकरावीची जुनी एसएससी गेली, १९७५ मध्ये नव्या पद्धतीची दहावी झाली. आर्ट्‌स, कॉमर्स की सायन्स, हा निर्णय एक वर्ष अलीकडे सरकला. तेव्हा त्याचं कुणाला फारसं काही वाटलं नसावं.

खरी उलथापालथ १९८३ ची. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित तत्त्वावर खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. तोवर मोजक्या जागांसाठी लढायचं किंवा नाद सोडायचा, एवढंच हातात होतं. आता तालुक्यातल्या बागायतदारालाही मुलगा इंजिनिअर करण्याचा बेत आखता येऊ लागला, कर्ज काढून का होईना. दुसऱ्या बाजूने लातूर पॅटर्न गाजला. सराव परीक्षांवर सराव परीक्षा. घरात बेत मुलाच्या नावाने होऊ लागला, पण तो ठरवायला मुलगाच हजर असे असं नाही.

२०१६ मध्ये राज्य सरकारने दहावीच्या मुलांची कल चाचणी सुरू केली. हेतू चांगला. अडचण वेळेची होती. ‘तुझा कल कुठे आहे?’ असं शाळा दहावीत विचारत होती आणि आयआयटी-नीटच्या फाउंडेशन बॅचची फी काही घरांनी आठवीतच भरलेली होती. पुढे चाचणी मागे पडली, बॅचेस राहिल्या. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तर शाखांमधल्या भिंती पाडा म्हणतं, म्हणजे निवड लांबवा म्हणतं. बाजार ती अलीकडे ओढतो आहे, आणि आजघडीला जिंकतो आहे बाजारच.

२०२५ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. अर्जात दहापर्यंत कॉलेजं पसंतीने लावायची. पहिल्या क्रमांकाचं कॉलेज लागलं तर तिथेच प्रवेश घ्यायचा. नाही घेतला तर नियमित फेऱ्यांमधून बाहेर. स्क्रीनवर यादी खाली-वर करताना घरात वाद होतो तो ‘आधी कुठलं?’ यावर. ‘हेच का?’ क्वचितच कुणी विचारतं.

पालकांनी त्या यादीशेजारी एक कागद ठेवावा. दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड पूर्ण केलेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. बारावी आर्ट्‌सनंतर पाच वर्षांचं लॉ करता येतं. ही दारं नियमाने उघडी आहेत आणि त्यांतल्या एकासाठीही आठवीत फी भरावी लागत नाही.